डोळा लागता लागता

अंथरुणावर पडल्या पडल्या अंग हादरलं, की कोल्हापूरकडच्या जुन्या माणसाला आधी कोयना आठवते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली आणि धक्का पार मुंबईपर्यंत जाणवला. तेव्हापासून आजतागायत कोयना-वारणेचा पट्टा अधूनमधून लहानसहान धक्के देतच असतो. त्यामुळे मध्येच उठून बसत ‘आत्ता हलल्यासारखं झालं काय गा?’ असं कोणी विचारलं तर इकडे ते वेडगळ वाटत नाही. पण भिंतीवरचं कॅलेंडर जागच्या जागी असतं, मांडणीवरची भांडी वाजलेली नसतात. हललेला असतो तो फक्त विचारणारा.

होतं ते असं. माणूस दिवसभराचं मागे टाकून आडवा होतो, कूस बदलतो, दोन जांभया देतो. विचार तुटक होत जातात, एका वाक्याला भलत्याच वाक्याचं शेपूट लागायला लागतं. आणि नेमका त्याच वेळी पाय निसटतो. जिन्याची पायरी चुकते, विहिरीच्या काठावर तोल जातो, कोणीतरी मागून ढकलतं. हात किंवा पाय ताडकन उडतो, कधी सगळं अंगच. काहींना डोळ्यांपुढे लख्ख उजेड दिसतो, काहींच्या कानाशी बार उडतो. हा बार शेजारी झोपलेल्याला ऐकू येत नाही, एवढंच. मग छातीत धडधड, श्वास वर, क्वचित कपाळावर घाम. झटका क्षणाचा, धडधड ओसरायला मात्र जरा वेळ लागतो.

दहांतल्या सहा-सात माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. बहुतेक जण कूस बदलून पुन्हा झोपी जातात आणि सकाळी त्यांना काही आठवतही नाही. डॉक्टर याला ‘हिप्निक जर्क’ किंवा ‘स्लीप स्टार्ट’ म्हणतात. आपण आपलं दचका म्हणू. निद्राविकारांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात दचक्याला विकारांच्या पंगतीत पान मांडलेलं नाही. निरोगी माणसातही दिसणाऱ्या गोष्टींमध्ये त्याची नोंद आहे.

याबद्दल जुन्या काळी लिहिलं ते सिलास वेअर मिचेल या फिलाडेल्फियाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने. अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना तुटलेल्या अवयवात वेदना होतात, ही तक्रार हसण्यावारी न नेता तिला नाव देणारा तो हाच. झोप लागताना धक्के बसणाऱ्या, डोक्यात स्फोट ऐकू येणाऱ्या रुग्णांबद्दल त्याने १८७६ मध्ये आणि पुन्हा १८९० मध्ये लिहिलं. मात्र तेव्हा हाती होतं ते रुग्णाचं बोलणं, दुसरं काही नाही. जर्मनीत हान्स बर्गर याने माणसाच्या मेंदूतले विद्युत्-तरंग कागदावर उतरवून १९२९ मध्ये प्रसिद्ध केले आणि मग कुठे झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेरून पाहायची सोय झाली. ती सोय वापरून इयान ऑस्वाल्ड या ब्रिटिश संशोधकाने दचक्यांचाच अभ्यास केला. ‘ब्रेन’ या नियतकालिकात १९५९ साली छापून आलेला त्याचा लेख आजही या विषयावर लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. दचका बसतो तो गुंगीत, गाढ झोपेच्या पुष्कळ अलीकडे. त्या क्षणी मेंदूच्या आलेखावर जागं होण्याच्या खुणाही उमटू शकतात, म्हणजे झोपेकडे निघालेला मेंदू अर्ध्या वाटेवरून मागे वळलेला असतो.

तो मागे का वळतो? मेंदूच्या देठातून वर जाणारं एक जाळं आपल्याला जागं ठेवतं. मोरुझी आणि मॅगून या जोडीने १९४९ मध्ये ते दाखवून दिलं. उलट हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो या जाळ्याला गप्प करतो आणि झोप आणतो. गंमत अशी, की हे दोघं एकमेकांना दाबत असतात. ज्याचा जोर जास्त, त्याचा अंमल. हार्वर्डच्या क्लिफर्ड सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या रचनेची नीट मांडणी केली. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाळी बदलते तेव्हाची ती पाच मिनिटं डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पाळीचा कामगार हात धुवायला निघालेला, दुसऱ्या पाळीचा अजून गेटवर. मशीन चालूच असतं आणि नक्की कोणाच्या ताब्यात आहे हे सांगणं अवघड. झोप लागताना तसंच होतं. स्नायू सैल पडू लागलेले असतात, हृदयाची गती उतरलेली असते, पण जागृतीचं जाळं पुरतं थांबलेलं नसतं. जाता जाता त्याची एक उसळी मेरुदंडातून खाली उतरते आणि पाय उडतो. दचक्याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हे असं आहे.

दुसरंही एक सांगितलं जातं. आपले वानरपूर्वज झाडावर झोपायचे, अंग सैल पडलं की फांदीवरून पडण्याचा धोका, म्हणून मेंदू खडबडून जागा होई, आणि ती सवय अजून गेलेली नाही. गोष्ट ऐकायला झकास आहे. पडताळून पाहायला मात्र कोणाला मार्ग सापडलेला नाही, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

पडल्याचं चित्र आधी दिसतं की झटका आधी बसतो, यावर संशोधकांमध्ये एकमत नाही. एवढं खरं, की या संधिकाळातली चित्रं बहुतेकदा दिवसाच्या कामातून उचललेली असतात. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना टेट्रिस हा व्हिडिओ गेम तासन्‌तास खेळायला लावलं होतं. डोळे मिटल्यावर त्यांना वरून घसरत येणारे तुकडे दिसू लागले. विशेष म्हणजे स्मृतिभ्रंशामुळे आपण काही खेळलो हेच ज्यांना आठवत नव्हतं, त्यांनाही तुकडे दिसले. तेव्हा रात्री चिखलातून बांधावर चालून आलेल्या शेतकऱ्याचा पाय अंथरुणात बांधावरूनच घसरावा आणि गवंड्याचा परांचीवरून, यात नवल नाही. याच काठावर कल्पना सुचतात असं मानणारेही आहेत. साल्वादोर दाली हा चित्रकार हातात जड किल्ली धरून खुर्चीत पेंगायचा. किल्ली खालच्या ताटलीवर पडली की जागा व्हायचा आणि दिसलेलं टिपून ठेवायचा. पॅरिसच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तसाच प्रयोग केला. गुंगीत निदान पंधरा सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना गणितातली दडलेली युक्ती सापडली, जागेच राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. म्हणजे जागा तीच. कोणाला तिथे युक्ती सापडते, कोणाला धडकी भरते.

आता हे काहींना महिन्यातून एकदा आणि काहींना रोज का? चार कारणं पुन्हा पुन्हा पुढे येतात. झोपेची थकबाकी, अंगमेहनतीचा अतिरेक, उत्तेजक पदार्थ आणि मनावरचा ताण. थकलेला मेंदू झोपेत घाईने शिरायला बघतो, आणि ताणलेला मेंदू शिरता शिरता अडखळतो. ज्याच्या बाबतीत दोन्ही खरं, त्याची रात्र कठीण.

कोल्हापूर जिल्ह्यात हे चारही एकाच माणसात पाहायचे असतील तर उसाला रात्री पाणी पाजणाऱ्याकडे जावं. शेतीपंपांना महावितरणची थ्री फेज लाईट बरीच वर्षं पाळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. दिवसा दहा तास वीज द्या, या मागणीसाठी शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं होतं. तेव्हा बोलणं झालं ते साप, गवा आणि बिबट्या यांच्या धोक्याबद्दल, आणि ते रास्तच होतं. झोपेबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

रात्री दारं धरायची म्हणजे नेमकं काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. लाईट आली की मोटार सुरू करायची. पायात गमबूट, एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. सरी भरत आली की पुढचं दारं मोडायचं, आधीचं बुजवायचं. सरी भरेपर्यंतचा मधला वेळ रिकामा असतो आणि घात तिथेच होतो. माणूस बांधावर टेकतो, डोळ्यांवर पेंग येते, मान कलंडते आणि दचका बसतो. पाण्याची सळसळ कानावर असते, उसाचा पाला वाजला तरी घोणस आठवते. जागं राहायला म्हणून तंबाखूचा बार भरलेला, थर्मासमधला चहा संपवलेला. पहाटे घरी येऊन अंग टाकलं, की सगळं अंग शिणलेलं आणि डोकं अजून बांधावर पहाऱ्याला. तासाभरात म्हशींच्या धारा काढायची वेळ होते. अशा माणसाचा पाय अंथरुणात उडाला नाही तरच आश्चर्य!

तंबाखूचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. निकोटीन हे उत्तेजक आहे, झोपेचं औषध नव्हे. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ बायका तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री सकाळी लावतात तशी रात्री निजायच्या आधीही लावतात. मिश्री लावल्याशिवाय झोप येत नाही असं त्या सांगतात आणि त्यात त्या खोटं बोलत नाहीत. तलफ भागली की चैन पडतं. पण ते चैन तलफ शमल्याचं. हिरड्यांतून रक्तात गेलेलं निकोटीन हृदयाची गती वाढवण्याचं आपलं काम करतच राहतं. चहाचंही तेच. दिवसभरात मेंदूत साचत जाणारं ॲडेनोसिन आपल्याला झोपेकडे ओढतं आणि कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठचा चहा एक वाजता अर्धा शिल्लक असतो, असा हिशेब करायला हरकत नाही. अलीकडे रात्री नऊनंतर जिममध्ये वजनं उचलणारी पोरंही दचक्यांची तक्रार करतात. तालमीतला पैलवान जोर-बैठका पहाटे मारतो, हे या बाबतीत शहाणपणाचं आहे.

इथवरचा दचका निरुपद्रवी. घोळ सुरू होतो तो दुसऱ्या रात्रीपासून.

एखाद्याला लागोपाठ दोन-तीन रात्री दचके बसतात. छाती धडधडते म्हणून त्याला हार्ट अटॅकची शंका येते. गल्लीतला कोणी चाळिशीत झोपेतच गेलेला असतो, तो आठवतो. ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो, दोन दिवस बरे जातात. मग पुन्हा दचका. आता ईसीजीत सापडलं नाही ते मेंदूत असेल, फिट असेल, असं वाटू लागतं. घरातली म्हातारी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, कपाळाला अंगारा लावते. त्याने निदान इजा तरी होत नाही, आणि कोणीतरी आपलं ऐकून घेतलं याचा दिलासा मिळतो. रात्री दीड वाजता मोबाइलवर आजारांची नावं शोधण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं. तो मोबाइल मात्र घरातल्या सगळ्या उपायांवर बोळा फिरवतो.

यानंतर माणूस झोपेची नव्हे, दचक्याची वाट पाहत पडून राहतो. पोटरीतली बारीकशी फडफड, उशीत ऐकू येणारा स्वतःचाच ठोका, एरवी ज्याची दखलही घेतली नसती ते सगळं मोजलं जातं. पहारा म्हणजेच जागृती. जागृतीचं जाळं जितकं तापलेलं, तितका त्या संधिकाळातला मुक्काम लांबतो, तितके दचके वाढतात, आणि एरवी विसरून गेलो असतो ते दचकेही ध्यानात राहतात. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि अर्थातच त्यांना अस्वल सोडेना. ‘आज दचकायचं नाही’ हा संकल्प त्याच जातीचा.

पहाऱ्याची ही सवय पूरग्रस्त गावांना नवी नाही. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तेव्हापासून नदीकाठची माणसं जुलै-ऑगस्टमध्ये उशाला मोबाइल ठेवून पातळीचे आकडे बघत निजतात. त्यांच्या दचक्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. धोका खरा असतो तेव्हा अर्धवट झोपणं हाच शहाणपणा. अडचण येते ती पाणी ओसरल्यावरही शरीर पहारा सोडत नाही तेव्हा.

तो सोडवायचा कसा? पहिली गोष्ट, दचका बसला की उठून नाडी मोजायची नाही. घड्याळाकडे बघायचं नाही, मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाकडे तर नाहीच. धडधड आपोआप ओसरते, तिला ओसरू द्यायचं. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाने सांगितलेली एक उफराटी युक्ती निद्रानाशावर आजही वापरली जाते. झोपायचा प्रयत्न सोडून उलट जागं राहायचा प्रयत्न करायचा. दचक्याबाबतही ‘येऊ दे, बघू तरी केवढा येतो’ म्हणून पडून राहणाऱ्याचा निम्मा ताण तिथेच उतरतो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये दुसरा नियम घालून दिला. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये, उठून दुसऱ्या खोलीत जावं आणि पेंग आल्यावरच परतावं. दोन खोल्यांत सहा माणसं निजणाऱ्या घरात दुसरी खोली कुठून आणायची, हा प्रश्न बूटझिन यांच्यापुढे नसावा. आपल्याकडे सोप्यात किंवा दारातल्या कट्ट्यावर दिवा न लावता बसलं तरी चालतं.

शरीराकडून सुरुवात करायची असेल तर शवासन आहे. ते नुसतं पडून राहणं नव्हे. पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडत जायचं आणि श्वासाचं येणं-जाणं पाहायचं. मुंबईत डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम १९६९ मध्ये ‘अँजिओलॉजी’ या नियतकालिकात मांडले होते. पुष्कळांचा रक्तदाब उतरला. तो अभ्यास दचक्यांचा नव्हता, पण शिथिल होण्याने शरीराचा ताण मोजता येण्याइतका खाली येतो हे त्यातून दिसलं, आणि आपल्याला हवं आहे ते तेच. शवासनात एखादा दचका बसला तर घाबरू नये. तिथे तो बसणारच.

थोडं औषधांबद्दल. चिंता आणि नैराश्यावर दिली जाणारी काही औषधं, एसिटॅलोप्रॅम किंवा फ्लुऑक्सेटिनसारखी, काही जणांत दचके वाढवतात. चिंतेसाठी गोळी सुरू केली आणि दचके वाढले, तर आजार बळावला असं समजून हादरून जायचं कारण नाही. पण गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच सांगायचं.

डॉक्टरांकडे जावं अशी दचक्यासारखी दिसणारी दुखणी मोजकी आहेत. सकाळी उठल्यावर काही वेळ हात झटकले जातात, हातातला कप किंवा दात घासायचा ब्रश उडतो, आणि वय पंधरा-वीसच्या आसपास असतं, तेव्हा एका प्रकारच्या अपस्माराची तपासणी करून घ्यायलाच हवी. झटक्यानंतर जीभ चावलेली, कपडे ओले, माणूस भ्रमिष्ट झालेला असेल तरीही. संध्याकाळी पायांत नुसती कळवळ सुटते, हलवल्याशिवाय चैन पडत नाही आणि चाललं की बरं वाटतं, हे वेगळं दुखणं आहे. त्यात पुष्कळदा शरीरातलं लोह कमी असतं, बायकांमध्ये विशेष. रक्ततपासणी करून कमी असलेलं लोह भरून काढलं की बऱ्याच जणांचे पाय शांत होतात. घोरता घोरता श्वास अडकून गुदमरून जाग येत असेल, तर तो दचका नव्हे, आणि ते सांगायला शेजारी झोपणारा माणूसच लागतो. घरातल्यांना मोबाइलवर एका रात्रीचं चित्रण करायला सांगावं, डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. तान्ह्या बाळाचे झोपेतले दचके मात्र बहुतेक वेळा वाढीचाच भाग असतात. आज्या त्याला दुपट्यात गच्च गुंडाळून ठेवायच्या ते हात उडून बाळ जागं होऊ नये म्हणून. फक्त गुंडाळलेलं बाळ उताणंच झोपवावं आणि ते कुशीवर वळायला लागलं की दुपटं बंद करावं.

ठरलेल्या वेळी झोपा, ठरलेल्या वेळी उठा, हा सल्ला मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो सगळ्यांत गुणकारी आहे, पण ज्याची लाईट रात्री साडेदहाला येते त्याच्या तोंडावर तो फेकणं मला जड जातं. शेतीचे फिडर सौरऊर्जेवर घेऊन दिवसा वीज द्यायची योजना राज्याने २०१७ मध्ये आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. जिथे फिडर दिवसावर आला तिथे हा सल्ला आता पाळता येईल. जिथे आला नाही तिथे पाळीच्या आठवड्यापुरता वेगळा हिशेब लावावा लागतो. दारं धरायला जाण्याआधी संध्याकाळी दीड-दोन तासांची झोप काढायची, शेवटचा चहा आणि तंबाखू मध्यरात्रीच्या आत संपवायचे, धारांचं काम त्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यायचं, आणि पहाटे परतल्यावर खिडकीला जाड चादर लावून निजायचं. रात्रपाळीच्या कामगारांनाही हेच थोड्याफार फरकाने लागू पडतं. त्यांच्या झोपेचं पुढच्या प्रकरणात सविस्तर पाहू.